मधली किती जणींना लागून आहे?

प्रश्न : आकृतीतील ‘ब’ ही वीट एकूण किती विटांना लागून आहे?

*

पूर्वेस दिनकररावांचे घर. पश्चिमेस रस्ता. उत्तरेस सामाईक भिंत. दक्षिणेस मोकळी जागा, जिच्याबद्दल कुणाची काही तक्रार नाही.

*

“सायेब, चार विटा म्हणून कुणी देत न्हाई. कमीत कमी एक ट्रॉली. ही काय मेथी हाय का?”

*

गेल्या उन्हाळ्यात आमचं भिंतीवरचं घड्याळ गव्हाच्या कोठीत होतं.

*

“ठेवते पप्पा. गाडी आली.”

*

हे सगळे तुकडे एकाच गोष्टीचे आहेत. पण कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला लागून आहे, हे सांगण्यात मी कच्चा आहे. ते पुढं सिद्धच होणार आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

मी जिंतूरला दस्तलेखक आहे. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, काय लागेल ते. आमच्या धंद्याचा जीव चतुःसीमेत असतो. जागा कुठलीही असो, तिच्या पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, हे लिहिल्याशिवाय ती जागा आहे असं सरकार मानत नाही. अर्धं आयुष्य हे लिहिण्यात गेल्यामुळं माझी अशी समजूत झाली होती, की दिशा, कोपरा, बांध, भिंत यांतलं मला कळतं. घरात पाहुणे आले आणि पानं कुठं तोंड करून मांडायची असा प्रश्न निघाला, की शेवटचा शब्द माझा. पाहुण्यांना ऊन लागायचं, पण शब्द माझाच.

सृष्टी ही आमची एकुलती एक मुलगी. ती रेल्वेच्या स्टेशन मास्तरच्या लेखी परीक्षेत पास झाली, तेव्हा पेढ्यांचा पुडा सुटायच्या आत येडबा हजर झाला. येडबा म्हणजे माझा मेहुणा. त्याचं घर चुडाव्याला, स्टेशनाला लागून. एवढ्या एका कारणानं आमच्या सगळ्या नातेवाइकांत तो रेल्वेचा जाणकार समजला जातो.

“दाजी, लेखीचं काय एवढं न्हाई,” तो दुसरा पेढा उचलत म्हणाला. “खरी छाननी पुढंच हाय. संगणकासमोर बसवतेत आन डोकं तपासतेत.”

“कुणाचं?” दैवशालानं विचारलं. दैवशाला माझी बायको, येडबाची थोरली बहीण.

“पोरीचं. गाडी समोरून यायलीय का मागून, हे तिला कळतंय का न्हाई ते बघतेत.”

“ते तर म्हशीलाबी कळतंय.”

“म्हशीला कळतंय, पर ती बाजूला कुठं होती?” येडबा म्हणाला. आणि त्यानं तिसरा पेढा उचलला.

छाननी खरीच होती. आकडे लक्षात ठेवा, खुणा ओळखा, असे काही प्रकार. आणि त्यातलाच एक विटांचा. पडद्यावर विटांची चळत दिसते. एका विटेवर अक्षर असतं. ती किती विटांना लागून आहे, ते झटक्यात सांगायचं. काही विटा दिसतात. काही मागं असतात, त्या नुसत्या समजून घ्यायच्या. यातल्या एकाही प्रकारात मागं राहिलं, तर लेखीचे गुण, दोन वर्षांचा अभ्यास, सगळं पाण्यात. क्लासमधल्या पहिल्याच सरावात सृष्टीचा एकही प्रश्न बरोबर आला नाही. त्या दिवशी घरी येऊन ती बराच वेळ नळावर तोंड धूत राहिली. एवढा वेळ धुण्यासारखं तोंडाला काही लागलेलं नव्हतं.

“आण इकडं ते पुस्तक,” मी म्हणालो. पुस्तक धरलं, लांब केलं, चष्मा बदलला. “चार.”

दैवशालानं पोळीचा हात पदराला पुसून डोकावून पाहिलं. “पाच.”

“सात,” सृष्टी म्हणाली. “मागं उत्तर दिलंय.”

छपाईची चूक असावी, असं मी जाहीर केलं आणि उरलेली संध्याकाळ चष्मा पुसत बसलो.

*

यानंतरच्या रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत एक लेख आला. ‘अवकाशीय क्षमता : चाचणीतील यशावर परिणाम करणारे घटक.’ अवकाश म्हटल्यावर आधी मला ते यानाबिनाचं वाटलं, म्हणून मी तो रद्दीत टाकला होता. दैवशालानं त्यावर भेंडी चिरायला घेतली आणि कापांच्या मधून ‘ठोकळे’ हा शब्द तिच्या नजरेला पडला. भेंडी ताटात गेली, लेख माझ्या हातात आला.

त्यात लिहिलं होतं, की आकृती मनातल्या मनात फिरवायची ताकद ही कुणाच्या कपाळावर लिहून आलेली नसते. सरावानं ती वाढते. वेळेच्या धाकानं ती घटते. भीतीनं घटते. हात हलवून विचार केला तर काहींना सोपं जातं. लहानपणी ठोकळ्यांशी खेळलेल्यांना त्याचा पुढं उपयोग होतो. आणि परीक्षेच्या तोंडावर ‘मुलींना हे जमत नाही’ असं ऐकवलं, तर चांगल्या हुशार मुलींचेही गुण घसरू शकतात.

मी लेख चार वेळा वाचला. दस्त असाच वाचतात. मग एकेका कलमाची अंमलबजावणी सुरू केली.

वेळेचा धाक : भिंतीवरचं घड्याळ काढून गव्हाच्या कोठीत ठेवलं. सृष्टीचा धाक किती गेला कोण जाणे. पण माझी कचेरी बुडाली, दैवशालाचं दूध दोनदा उतू गेलं, आणि गहू काढायला गेलं की कोठीतून टिकटिक ऐकू यायची.

हात हलवणं : जेवण झालं की आम्ही तिघं अंगणात बसून हवेत अदृश्य विटा फिरवायचो. दिनकररावांनी भिंतीवरून पाहिलं. दिनकरराव निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या पूर्वेस. भिंतीवरून पाहणं हा आपला हक्क आहे असं ते समजतात.

“माणिकराव, अंगात आलं का कुणाच्या?”

“अभ्यास चालू आहे, सर.”

“तिघांचाबी?”

“पोरीचा. आम्ही साथीला.”

“हां,” ते म्हणाले. ‘हां’ म्हणून ते घरात गेले आणि बायकोला बोलावून घेऊन आले.

मुलींना जमत नाही हे वाक्य : यावर मी घरात पूर्ण बंदी घातली. येडबाला फोन करून बजावलं. पुढच्या वेळी आल्यावर त्यानं चप्पलसुद्धा काढली नव्हती, तोच म्हणाला, “काय सृष्टे, पोरींना ते...” आणि मी एवढ्या जोरात खोकलो की दैवशाला पाणी घेऊन धावली. खबरदारी म्हणून मी सृष्टीला सकाळ-संध्याकाळ सांगत राहिलो, “मुलींना जमतं हं. मुलींना सगळं जमतं.” चौथ्या दिवशी तिनं पुस्तक मिटलं.

“पप्पा, कुणी म्हणायलंय का, न्हाई जमत म्हणून?”

“छे! कुणीच नाही.”

“मग तुमी रोज कामून सांगायलाव? मला तर माहीतच नव्हतं. आता भ्याव वाटायलंय.”

राहिला एक घटक. ठोकळे.

*

सृष्टीच्या लहानपणी तिच्याकडं एक बाहुली, एक मोडका झारा आणि चिंचोके होते. चिंचोक्यांची चळत लागत नाही. बालपण मागं जाऊन दुरुस्त करता येत नाही, हे मला कळतं. पण दस्ताला चूकदुरुस्तीपत्र असतं आणि ते करण्यात माझा हातखंडा आहे. म्हणून मी ठरवलं, की लेकीचं विटांचं बालपण आता करून टाकायचं. परीक्षेत विटाच आहेत, तर लाकडी ठोकळे कशाला? खऱ्याच आणू. वीस-पंचवीस.

वीटभट्टीचा ट्रॅक्टर बजरंग चालवतो. त्याचं मेथीचं वाक्य वर आलंच आहे. ट्रॉली आली, मागं उचलली गेली, आणि आमच्या दारासमोर बालपणाचा लालभडक ढीग पडला. धूळ खाली बसायच्या आत गल्ली गोळा झाली.

आमच्याकडं दारात विटा पडल्या की त्याचे दोनच अर्थ होतात. भावाभावांची वाटणी, नाहीतर पोरीचं लग्न. मला भाऊ नाही.

“वरचा मजला काढायलाव का?”

“न्हाई.”

“मग न्हाणी?”

“न्हाई. पोरीसाठी आहेत.”

हे मी खरं तेच सांगितलं. पण ‘पोरीसाठी’ या शब्दावर गल्लीनं एकमेकांकडं पाहिलं, बजरंगनं ट्रॅक्टर सुरू केला, आणि येलदरीच्या रस्त्यापर्यंत जो जो ओळखीचा भेटेल त्याला तो सांगत गेला, की दस्तलेखकाच्या पोरीचं ठरलं, जावयासाठी खोली काढायलेत.

तिसऱ्या दिवशी कचेरीचा माणूस आला. कुठल्या कचेरीचा, हे विचारायचं माझ्याकडून राहिलं, आणि नंतर विचारायची हिंमत झाली नाही. काखेत फाइल, डोळ्यांवर गॉगल.

“बांधकामाची परवानगी?”

“बांधकाम नाही, साहेब.”

“मग ह्या विटा?”

“मुलीच्या अभ्यासासाठी.”

त्यानं गॉगल काढला. “पोरगी गवंडीकाम शिकायलीय का?”

मी त्याला अवकाशीय क्षमता समजावून सांगू लागलो. यान नव्हे, हे आधीच सांगितलं. तरी त्याच्या तोंडावर ढिम्म काही उमटेना, म्हणून सृष्टीनं ओट्यावर सात-आठ विटा मांडल्या आणि मधलीवर खडूनं फुली मारली. “साहेब, ही किती विटांना लागून हाय?”

“तीन,” साहेब म्हणाला.

“चार,” भिंतीवरून दिनकरराव म्हणाले.

“सहा,” मी म्हणालो, कारण मोठा आकडा बरोबर असतो असा मला अनुभव आला होता.

साहेब उकिडवा बसला. मान तिरकी केली. मग उठून ओट्याला वळसा घालू लागला.

“मागं जायचं न्हाई, साहेब,” सृष्टी म्हणाली. “परीक्षेत जाता येत न्हाई.”

“मग मागचं कसं कळावं माणसाला?”

“वरची वीट पडत न्हाई न्हवं? मग तिच्या खाली कुणीतरी हाय. दिसो नाहीतर न दिसो.”

साहेब बराच वेळ त्या वरच्या विटेकडं पाहत राहिला. मग उठला, गुडघे झटकले आणि माझ्या हातात नोटीस दिली. रस्त्यावरील साहित्य हटवावे, अन्यथा नकाशासह परवानगी घ्यावी. जाता जाता मात्र त्यानं विचारलं, “किती होत्या?”

“पाच.”

“पाचच्या जवळच होतो मी,” तो म्हणाला.

*

लागतील तेवढ्या विटा आम्ही गच्चीवर नेल्या. बाकीच्या भिंतीलगत रचल्या. आणि संध्याकाळ झाली, ऊन लिंबाच्या खाली उतरलं, की सृष्टी आणि मी गच्चीवर. मी मांडायचो, ती पाठ करून उभी असायची. “झालं?” “झालं.” मग ती वळून पाहायची. कधी चुकायची. चुकली की म्हणायची, “आणखी एकदा मांडा, पप्पा.” बरोबर आलं तरी म्हणायची, “आणखी एकदा.”

अ, ब, क म्हणताना माझा गोंधळ व्हायचा. म्हणून आम्ही विटांना नावं दिली. वीट म्हणजे बाईमाणूस, त्यामुळं थोरली, मधली, धाकटी ही नावं आपोआप पडली. यात पुढं काही वावगं घडेल असं कुणाला वाटलं असतं?

कुसुमबाई आल्या त्या दिवशी आम्ही असेच वर होतो. कुसुमबाई म्हणजे मोठ्या शेतीच्या घरातल्या. थोरल्या आणि मधल्या मुलाची लग्नं झालेली, धाकटा बाकी. आमच्या विटांची बातमी त्यांच्यापर्यंत ‘ठरलंय’ऐवजी ‘ठरवायचंय’ अशी पोचली होती. दैवशालानं त्यांना बैठकीत बसवलं, चहा दिला. जिना बैठकीतूनच जातो आणि गच्चीचं दार उघडं होतं. पुढचं मला दैवशालानं सांगितलं, रडत की हसत ते मला तेव्हा ओळखता आलं नाही.

वरून सृष्टीचा आवाज आला, “पप्पा, थोरली मधलीच्या डोक्यावर बसलीय. हलूच देईना तिला.”

कुसुमबाईंची बशी ओठाशी थांबली.

माझा आवाज : “आणि मधली कुणाकुणाला लागून आहे?”

“समोरून बघितलं तर एकीलाच. पर मागून दोघींना चिकटलीय. लोकांना कळत न्हाई.”

“मग थोरलीला उचलून बाहेर टाकू?”

“टाका. मधली मोकळी हुईल. पर धाकटी आणून ठिवली की सगळंच खाली येतंय बघा.”

कुसुमबाईंनी बशी खाली ठेवली. “कोण बोलायलंय वर?”

“आमचे हे आन सृष्टी. रोजचंच हाय त्यांचं.”

“रोज? माज्या घरातलं तुमाला सांगितलं कुणी?”

दैवशालाच्या डोक्यात विटाच होत्या. ती म्हणाली, “त्यात सांगायचं काय, मावशी? सगळ्या गल्लीला दिसायलंय की. कालपोतर रस्त्यावरच पडलं होतं.”

कुसुमबाई उठल्या, त्या सरळ बाहेर. स्थळ यायच्या आतच मोडलं. दोन दिवसांनी त्यांची मधली सून मागच्या दारानं आमच्याकडं आली आणि हळूच दैवशालाला म्हणाली, “काकू, थोरलीला बाहेर टाकायचं तुमच्या घरी ठरलं म्हणं. कधी?”

स्थळ मोडल्याचं वाईट वाटल्यासारखा चेहरा करून मी बसलो होतो. दैवशाला म्हणाली, “राहू द्या. मला सगळं दिसतंय.”

*

छाननी परगावी होती. फाटकाबाहेर आम्ही सगळे बाप लिंबाखाली बसलो होतो. कुणी कुणाला लागून नव्हतं. प्रत्येकानं मध्ये पिशवी ठेवलेली. त्या दुपारी माझ्या मनात एक विचार आला. समजा, नाही झाली ती पास. मग उद्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर असू, ऊन खाली उतरेल, ती पाठ करून उभी राहील. विचार अगदी गोड होता. पिठाच्या डब्याला मुंग्या लागल्यावर झटकतात तसा मी तो झटकला. पण मुंग्या झटकून कधी जातात?

ती बाहेर आली. “कसं गेलं?”

“गेलं.” मग म्हणाली, “भूक लागलीय.”

ती पास झाली.

*

नेमणूक कर्नाटकात, अशा एका छोट्या स्टेशनावर, ज्याचं नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही. येडबा म्हणाला, “दाजी, फिकीर कशाला? रूळ तर तेच हायेत. चुडाव्याहून सरळ.” तो खरं सांगतोय. तरीही ते मला फार लांब वाटतं. फोनवर मी तिला विचारलं, “क्वार्टरच्या पूर्वेस काय आहे?”

“रूळ.”

“पश्चिमेस?”

“पश्चिमेस पण रूळच, पप्पा. वळण हाय तिथं.”

“उत्तरेस?”

“बाभळी. आन एक टाकी.”

“आणि दक्षिणेस?”

मागं घंटी वाजत होती. “दक्षिणेस काय न्हाई. मोकळंच.”

मी ते एका कागदावर लिहून काढलं आणि मनातल्या मनात फिरवून पाहिलं. आमचं घर तिच्या कुठल्या बाजूला येतं, हे बघायचं होतं. जमलं नाही. हात हलवून पाहिला. दिनकरराव भिंतीवर होते. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. नुसतेच म्हणाले, “उत्तरेला, माणिकराव. थोडं पश्चिमेकडं झुकून.” आणि आत गेले.

संध्याकाळी मी गच्चीवर जातो. मांडतो. पाठ करून उभं राहणारं कुणी नसल्यामुळं मीच मांडतो, मीच पाठ करतो, मीच वळतो. अशानं उत्तर आधीच माहीत असतं. चुकायला सुद्धा दुसरं माणूस लागतं.

उरलेल्या विटांवर दुसरी नोटीस आली, तेव्हा मी नकाशा काढला आणि परवानगी घेतली. गच्चीवर एक खोली बांधली. म्हणजे गल्ली पहिल्या दिवसापासून म्हणत होती तेच शेवटी झालं. खोलीला एक खिडकी आहे. सृष्टी सुट्टीवर आली की तिथं राहील. अजून आलेली नाही. आली की दुसऱ्याच दिवशी तिला निघावं लागेल, तिथं बदली माणूस मिळत नाही. गवंडी काम करत होता तेव्हा मी समोर स्टूल टाकून बसायचो आणि प्रत्येक वीट किती जणींना लागून आहे ते मोजायचो. एकदा त्याला हटकलंही. तो म्हणाला, “मालक, तुमी खाली चहा प्या.” मग गिलावा झाला. आता खोलीची एकही वीट दिसत नाही.

तिची क्लासची वही त्या खोलीत ठेवताना मी सहज उघडली : बजरंगचा ट्रॅक्टर आला त्याच्या आदल्या रविवारीच सृष्टीला क्लासमधल्या सराव चाचणीत विटांचे सगळे प्रश्न बरोबर आले होते.